आवाज परत कशामुळे आला?

गिटारच्या अ‍ॅम्पचा आवाज कायमचा गेला तर काम तसं सोपं असतं. फ्यूज उडालेला असतो, स्पीकरची कॉइल जळालेली असते किंवा एखादी तार तुटून लोंबत असते. मल्टिमीटर लावला की दोष सापडतो. खरा छळ मांडतो तो अधूनमधून जाणारा आवाज. तालमीत अ‍ॅम्प तासभर उत्तम वाजतो आणि कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला गिटार एकदम दबते. वादक वैतागून तारांवर जोरात हात मारतो, आणि आवाज लख्ख परत येतो! दुरुस्तीला नेलं की तिथे तोच अ‍ॅम्प दिवसभर बिनतक्रार चालतो. ‘याला काहीच झालेलं नाही’ असं ऐकून आपण तो घरी आणतो आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच.

‘लूज कॉन्टॅक्ट असेल’ असं म्हणून लोक मोकळे होतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण साध्या अ‍ॅम्पमध्येसुद्धा शेकड्यांनी जोड असतात, त्यातला सैल कुठला हे या निदानातून कळत नाही. माझं म्हणणं असं की पेटीचे स्क्रू काढण्याआधी बिघाडाची नीट चौकशी करावी. अधूनमधून येणारा दोष लहरी वाटला तरी लहरी नसतो. त्याला यायला आणि जायला काहीतरी निमित्त लागतं: उष्णता, हादरा, दमट हवा किंवा सिग्नलचा जोर. आवाज परत आला की आपण हुश्श करून वाजवायला लागतो, आणि सगळ्यात मोलाचा पुरावा नेमका तिथेच हातून निसटतो. आवाज कशामुळे परत आला हे ज्याने लक्षात ठेवलं, त्याचं शोधाचं अर्धं काम झालेलं असतं.

आधी सिग्नलची वाट डोळ्यांपुढे आणू. गिटारची तार पिकअपच्या चुंबकीय क्षेत्रात थरथरते आणि पिकअपच्या हजारो वेढ्यांच्या कॉइलमध्ये अगदी क्षीण विद्युतदाब तयार होतो. तो साधारण एक दशांश व्होल्टच्या आसपास असतो, जोरात वाजवलं तर त्याच्या काही पट. हा सिग्नल केबलमधून, पेडलमधून अ‍ॅम्पच्या इनपुट जॅकपर्यंत येतो. पुढे प्रीअ‍ॅम्प त्याला वाढवतो, बास-ट्रेबलचे नॉब त्याला आकार देतात, मग पॉवर अ‍ॅम्प त्याच्यात स्पीकरचा कोन हलवण्याइतकी ताकद भरतो. अनेक अ‍ॅम्पमध्ये प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प यांच्या मधोमध मागच्या बाजूला दोन जॅक असतात, ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’. एको, डिले यांसारखी पेडल्स मध्येच जोडता यावीत म्हणून केलेली ही सोय, तिलाच इफेक्ट्स लूप म्हणतात. या दोन जॅककडे आपण पुन्हा येणार आहोत, कारण या लेखातला मुख्य संशयित तिथेच राहतो.

अ‍ॅम्पवर संशय घेण्याआधी गिटार, केबल आणि पेडल्स यांना वगळून पाहावं, हे सांगायला नको, तरी सांगतो. पेडल्स काढून टाकायची, खात्रीची दुसरी केबल घ्यायची, शक्य असेल तर दुसरी गिटार लावायची. केबल बहुधा पिनच्या मानेपाशी तुटते, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथेच येतो. वाजवताना पिनजवळची केबल हळूच हलवली की खरखर होऊन दोष उघडा पडतो. गिटारच्या जॅकचं नट सैल झालं असेल तर जॅक आतल्या आत फिरतो आणि मागची तार पिळून तुटते. गिटार अ‍ॅक्टिव्ह असेल, म्हणजे तिच्यात ९ व्होल्टची बॅटरी असेल, तर ती आधी बदलावी. उतरत आलेली बॅटरी आवाज फाटका आणि दबका करते. डिजिटल अ‍ॅम्पमध्ये नॉइज गेट चालू आहे का तेही पाहावं. गेट वर ठेवलं असेल तर हळू वाजवलेले सूर आणि विरत जाणाऱ्या सुरांची शेपटी ते कापून टाकतं. तो बिघाड नसतो, तसा हुकूम आपणच अ‍ॅम्पला दिलेला असतो.

एवढं करूनही आवाज जात असेल तर पहिला प्रश्न विचारायचा तो शांततेला. आवाज गेला त्या क्षणी स्पीकरला कान लावून ऐका. चालू अ‍ॅम्प कधीच पूर्ण मुका नसतो. आतल्या रेझिस्टरमधल्या आणि व्हॉल्व्हमधल्या (म्हणजे काही अ‍ॅम्पमध्ये ट्रान्झिस्टरऐवजी असणाऱ्या काचेच्या नळ्यांमधल्या) इलेक्ट्रॉनच्या हालचालीमुळे एक बारीक सस्स असा आवाज सतत येत असतो, आणि थोडी गुणगुणही असते. गिटार गेली पण सस्स आवाज तसाच आहे, शिवाय मास्टर व्हॉल्यूम वरखाली केल्यावर तोही कमीजास्त होतो आहे, याचा अर्थ मास्टरपासून स्पीकरपर्यंतची वाट शाबूत आहे आणि दोष त्याच्या अलीकडे आहे. गिटारबरोबर सस्स आवाजही नाहीसा झाला, कोन अगदी मृत झाला, तर नजर पलीकडे वळवायची: पॉवर अ‍ॅम्प, स्पीकरची तार, स्पीकर. ज्यात स्प्रिंगचा रिव्हर्ब आहे अशा अ‍ॅम्पला आणखी एक सोपी परीक्षा देता येते. रिव्हर्बचा नॉब वाढवून पेटीला हलका धक्का द्यायचा. स्प्रिंगा एकमेकींवर आपटून गडगडाट ऐकू आला, तर बहुतेक रचनांमध्ये त्याच्या पुढचा सगळा मार्ग ठीक आहे असं समजायला हरकत नाही. हे सगळं एकही स्क्रू न काढता कळतं.

शांतता कशी आली तेही महत्त्वाचं. आवाज ‘टक्’ करून क्षणात गेला की कुठलातरी धातूचा स्पर्श तुटला. दोन-चार सेकंदांत विरघळत, फाटत गेला आणि येतानाही तसाच हळूहळू आला, तर व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये संशय व्हॉल्व्हच्या हीटरवर जातो. हीटर म्हणजे काचेच्या आत नारिंगी तांबूस उजळणारी तार. तिचा वीजपुरवठा तुटला तरी तिने तापवलेला कॅथोड लगेच थंड होत नाही, त्यामुळे आवाज रेंगाळत मरतो. तेव्हा मागच्या जाळीतून बघायचं: नेहमी उजळणाऱ्या व्हॉल्व्हपैकी एखादा काळा पडला आहे का? पडला असेल तर दोष त्या व्हॉल्व्हच्या आत, त्याच्या पिनांवर किंवा सॉकेटच्या सैल झालेल्या पकडीत असतो. १२एएक्स७, म्हणजे युरोपीय नावाने ईसीसी८३, हा प्रीअ‍ॅम्पमधला सर्वांत प्रचलित व्हॉल्व्ह. अ‍ॅम्प बंद आणि गार असताना तो काढून दुसरा खात्रीचा लावून पाहणं हे बऱ्याच वादकांना जमण्यासारखं काम आहे. पॉवर व्हॉल्व्हच्या बाबतीत मात्र एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. हीटरचा उजेड आतून येतो. बाहेरची करडी प्लेटच लालभडक झाली असेल तर अ‍ॅम्प तत्काळ बंद करावा. सॉकेटमध्ये ग्रिडच्या पिनचा स्पर्श सुटला की व्हॉल्व्हवरचा लगाम जातो, प्रवाह बेसुमार वाढतो, आणि व्हॉल्व्हसोबत महागडा ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो.

आता त्या जोरात मारलेल्या हाताकडे वळू. ‘हळू वाजवताना आवाज दबतो आणि जोरात कॉर्ड मारली की परत येतो’ ही तक्रार इतकी सर्रास आहे की ती ऐकल्यावर अनुभवी दुरुस्तीवाले अ‍ॅम्प उघडायच्या आधी एक वीतभर लांबीची केबल मागतात. तिचं एक टोक सेंडमध्ये आणि दुसरं रिटर्नमध्ये घालतात. आवाज स्थिर झाला की दोष सापडला: रिटर्न जॅकमधली आतली पट्टी.

या पट्टीचं काम समजून घेण्यासारखं आहे. लूपमध्ये काहीच जोडलेलं नसताना सिग्नल सेंडकडून रिटर्नकडे आपोआप गेला पाहिजे. त्यासाठी रिटर्न जॅकमध्ये एक स्प्रिंगसारखी पट्टी असते, ती आतल्या आत दुसऱ्या पट्टीला टेकलेली राहते. पिन घातली की ती उचलली जाते आणि सिग्नल पेडलवरून फिरून येतो. पिन काढली की पुन्हा टेकते. म्हणजे ज्याने लूप कधी वापरलाच नाही, त्याच्या गिटारचा प्रत्येक सूर वर्षानुवर्षं या एका टेकलेल्या ठिपक्यातून जात असतो. आणि आपल्या अ‍ॅम्पमध्ये असा ठिपका आहे याची त्याला कल्पनाही नसते.

हा पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा जॅक मुळात संगीतासाठी जन्मलाच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बोर्डांसाठी तो घडला. तिथे ऑपरेटर दिवसभर पिना घालत-काढत असत, आणि प्रत्येक वेळी धातूवर धातू घासून पृष्ठभाग आपोआप स्वच्छ होत असे. झीज हा त्या जॅकचा शत्रू होता, साचलेला थर नव्हे. अ‍ॅम्पच्या पाठीमागे हीच रचना आली, पण वापर उलटा झाला. इथे पट्टी पाच-पाच, दहा-दहा वर्षं हलत नाही. निकेलवर ऑक्साइड चढतं, चांदीचा मुलामा असेल तर हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे सल्फाइडचा काळा थर बसतो, आणि त्यात धूळ, धूर, तेलकटपणा मिसळतो. हा थर डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ असतो, पण वीज अडवायला तो पुरतो.

मग जोरात वाजवल्यावर वीज जाते कशी? लूपमधून जाणारा सिग्नल एक दशांश ते एखाद्या व्होल्टच्या घरातला असतो. थर अगदी पातळ असल्यामुळे त्याच्या आरपार एवढासा दाब आला तरी विद्युतक्षेत्र प्रचंड तीव्र होतं. हळू वाजवलेला सूर थराला भेदू शकत नाही. जोराच्या कॉर्डचा दाब मर्यादा ओलांडतो, थराला सूक्ष्म छिद्र पडतं आणि धातूचा नाजूक पूल तयार होतो. पूल टिकेपर्यंत आवाज टिकतो. मग एखादा हादरा बसतो किंवा जॅक गार होताना किंचित आकसतो, पूल मोडतो, आणि पुन्हा शांतता.

हे वागणं विज्ञानाला फार जुन्या काळापासून माहीत आहे आणि एके काळी त्याच्याच जिवावर बिनतारी संदेश पकडले जात होते. फ्रान्समध्ये एदुआर ब्रान्ली यांनी १८९० साली काचेच्या नळीत धातूचा कीस भरून दाखवलं, की जवळपास विजेची ठिणगी पडली की एरवी वीज अडवणारा हा कीस वाहक होतो. कणांवरचे थर भेदले जाऊन त्यांच्यात पूल बनत. नळीला टिचकी मारली की पूल मोडत आणि ती पुढच्या संदेशाला तयार होई. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी या साधनाला ‘कोहीरर’ हे नाव दिलं, मार्कोनी यांनी ते सुधारून वापरलं. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी वेगवेगळ्या धातूंच्या स्पर्शाचं हेच वागणं तपासलं आणि टिचकीशिवाय पूर्ववत होणाऱ्या कोहीररवरचा त्यांचा निबंध १८९९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रसिद्ध झाला. अ‍ॅम्पच्या रिटर्न जॅकमध्ये आपल्याला न विचारता एक कोहीरर तयार झालेला असतो. मला या बिघाडाबद्दल चीड कमी आणि कुतूहल जास्त वाटतं ते यामुळेच.

जोराच्या कॉर्डने परत येणाऱ्या आवाजाचा दुसरा एक संशयित आहे, तो ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पमध्ये. स्पीकरच्या संरक्षणासाठी काही अ‍ॅम्पमध्ये शेवटी रिले असतो. आत काही बिघडून स्पीकरवर स्थिर दाब आला तर तो वाट तोडतो, आणि चालू करताना येणारा ‘धप्प’ आवाजही अडवतो. अशा मोठ्या रिलेचे कॉन्टॅक्ट मोठ्या प्रवाहासाठी बनवलेले असतात. प्रवाह जास्त असेल तर कॉन्टॅक्टवरचा थर प्रत्येक वेळी जळून साफ होतो. म्हणूनच रिलेच्या माहितीपत्रकात कमाल प्रवाहासोबत किमान प्रवाहही दिलेला असतो. अनेकदा तो ५ व्होल्टला १०० मिलिअँपिअर असा असतो. घरी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू वाजवताना ८ ओहमच्या स्पीकरवर एक दशांश व्होल्ट असेल, तर प्रवाह भरतो जेमतेम १२ मिलिअँपिअर. थर साफ होत नाही, वाढत जातो. दोन संशयितांतला खरा ओळखायला पुन्हा तेच दोन जॅक कामी येतात: सेंडमध्ये केबल लावून ती दुसऱ्या अ‍ॅम्पला जोडायची. आपल्या अ‍ॅम्पचा आवाज दबला असताना दुसऱ्यावर गिटार स्वच्छ वाजत असेल, तर दोष सेंडच्या पुढे आहे. उलट बाजूने गिटार थेट रिटर्नमध्ये लावली आणि क्षीण का होईना पण स्थिर वाजली, तर पॉवर अ‍ॅम्प, रिले आणि स्पीकर सुटले. लूप असलेल्या अ‍ॅम्पला निर्मात्याने बरोबर मधोमध दार ठेवलेलं आहे, त्याचा उपयोग शोधासाठी केला नाही तर ती मोठी संधी वाया जाते.

काही आवाज मात्र कितीही जोरात वाजवलं तरी परत येत नाहीत. अ‍ॅम्प बंद करून तासाभराने लावला की येतात. घड्याळ लावल्यासारखा अर्ध्या तासाने आवाज जात असेल तर उष्णतेकडे पाहावं. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये हा अ‍ॅम्पचा शहाणपणाही असू शकतो. पॉवर अ‍ॅम्पच्या अनेक चिपमध्ये तापमानाचं संरक्षण बांधलेलं असतं. उदाहरणार्थ, एलएम३८८६ ही चिप आतलं तापमान १६५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की गप्प बसते आणि ते साधारण १५५ अंशांवर उतरलं की पुन्हा चालू होते. मे महिन्यातली दुपार, उघडा मंच, अ‍ॅम्पची पाठ पडद्याला चिकटलेली, पंख्यात वर्षांची धूळ. अशा वेळी आधी अ‍ॅम्प सावलीत घ्यावा आणि त्याच्या मागे हातभर जागा सोडावी, मग बिघाडाचं बोलावं.

तसं नसेल तर ‘ड्राय सोल्डर’. टीव्हीच्या काळापासून आपल्याकडचे मेकॅनिक हा शब्द वापरत आले आहेत आणि तो दोष आजही तितकाच जिवंत आहे. सर्किट बोर्डावर घटकाचा पाय आणि तांब्याची चकती यांच्यात सोल्डरचा डाग असतो. अ‍ॅम्प तापला की बोर्ड, पाय आणि सोल्डर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. बोर्डाची जाडी तर तांब्यापेक्षा बरीच जास्त वाढते. दर कार्यक्रमाला एकदा तापणं आणि एकदा निवणं असं होत राहिलं की डागात पायाभोवती केसाएवढी गोल चीर पडते. गार असताना तिच्या कडा टेकलेल्या असतात, गरम झाल्या की सुटतात. जड आणि गरम होणाऱ्या घटकांपाशी ही चीर हमखास भेटते: मोठे सिमेंटचे रेझिस्टर, बोर्डावरच बसवलेली व्हॉल्व्हची सॉकेट्स, मोठे कपॅसिटर. आणि जॅक, कारण जॅकला उष्णतेखेरीज केबलचे हिसकेही सोसावे लागतात. बाजूने बॅटरीचा उजेड टाकून भिंगातून पाहिलं की चिरेचं वर्तुळ दिसतं. नुसता मळकट रंग पाहून मात्र डाग खराब ठरवू नये. जुन्या ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाच्या सोल्डरचा डाग चकचकीत असतो आणि तो १८३ अंशांना वितळतो. युरोपीय संघाने २००६ च्या जुलैपासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर निर्बंध आणल्यानंतर जो बिनशिशाचा सोल्डर रूढ झाला, त्याचा डाग चांगला असला तरी मुळातच जरा निस्तेज दिसतो आणि तो वितळायला २१७ अंशांच्या वर जावं लागतं. बिनशिशाच्या डागावर कमी तापमानाचा सोल्डरिंग आयर्न नुसता टेकवून ‘रीसोल्डर केलं’ म्हणणारे दोष बरा करत नाहीत, थोडे दिवस लपवतात.

हादऱ्याचा दोष ओळखायचा मार्ग वेगळा. ज्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकर आणि सर्किट एकाच पेटीत असतात, तिथे स्पीकर स्वतःच सर्किटला झोडपत असतो. गिटारची जाड ई तार सुमारे ८२ हर्ट्झला थरथरते, तिच्याबरोबर सगळी पेटी थरथरते. विशिष्ट खालच्या सुरालाच आवाज तुटत असेल तर तो सूर कुठलातरी सैल भाग हलवतो आहे असं समजावं. दुरुस्तीच्या टेबलावर यासाठी कोरडी लाकडी काडी असते. अमेरिकेतले अ‍ॅम्प दुरुस्त करणारे चिनी जेवणाच्या काड्या वापरतात. आपल्याकडे बांबूची कांडी उत्तम. अ‍ॅम्प चालू ठेवून, धातूला स्पर्श न करता, व्हॉल्व्हच्या काचेला, मग एकेका घटकाला हलकी टिचकी द्यायची. अर्थात उघडलेल्या अ‍ॅम्पवर हे काम जाणत्याचं.

स्पीकर स्वतःही गुन्हेगार असतो, आणि लोक त्याला शेवटी आठवतात. त्याच्या टर्मिनलपासून कोनापर्यंत दोन लवचीक वेण्या जातात. धाग्याभोवती तांब्याची बारीक पातळ पट्टी गुंडाळून त्या बनवलेल्या असतात, कारण साधी तार कोनाबरोबर लक्षावधी वेळा वाकून टिकलीच नसती. कधीतरी पट्टी तुटते आणि धागा तेवढा अखंड राहतो. बाहेरून वेणी ठणठणीत दिसते, पण आवाज येतो आणि जातो. अ‍ॅम्प बंद करून स्पीकर सोडवावा, मल्टिमीटर लावावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. कोनावर दोन्ही हातांनी समतोल, हलका दाब दिला आणि आकडा मध्येच अनंतावर उडाला, तर वेणी गेली. टर्मिनलवरच्या खोचायच्या क्लिपाही हादऱ्याने सैल होतात. त्या पक्कडीने जराशा आवळल्या की काम होतं.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असेल तर स्पीकरच्या वाटेवरचा सैलपणा हा सगळ्यांत महाग दोष असतो. चालू अ‍ॅम्पवर वाजवत असताना स्पीकर सुटला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधल्या ऊर्जेला जायला जागा राहत नाही. त्याच्या वेढ्यांत दाब हजारो व्होल्टपर्यंत चढू शकतो, इन्सुलेशन फुटतं आणि ट्रान्सफॉर्मर जातो. म्हणून स्पीकरच्या जॅकवर संशय आला तर वाजवता वाजवता तो हलवून पाहू नये. आधी बंद करावं. स्पीकर आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये गिटारची बारीक शील्डवाली केबलही कधी लावू नये. दिसायला पिन सारखीच असली तरी आतली तार या प्रवाहासाठी नसते.

हवामानाचा विचार आपल्याकडे विशेष करावा लागतो. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात जाते आणि समुद्राकडून येणारा खारा अंश त्यात मिसळलेला असतो. कोरड्या हवेत वर्षानुवर्षं टिकणारा कॉन्टॅक्ट इथे लवकर मळतो. वातानुकूलित खोलीतून अ‍ॅम्प थेट दमट मैदानात आणला की थंड धातूवर दंव धरतं. असा अ‍ॅम्प थोडा वेळ तसाच ठेवून मग चालू करावा. गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा इलेक्ट्रिक बेंजोसुद्धा याच पिकअप, केबल आणि जॅकच्या साखळीवर चालतो. पावसात भिजत, धक्के खात फिरणाऱ्या त्या वाद्यांना ही दुखणी गिटारवाल्यांपेक्षा जास्त होतात, आणि वरच्या सगळ्या परीक्षा तिथेही जशाच्या तशा लागू पडतात.

आता स्प्रेबद्दल माझं मत ठाम आहे. आवाज गेला की कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा काढून सगळ्या जॅकांवर, नॉबांवर फवारा मारायची सवय वाईट. दोष कदाचित जाईल, पण कुठे होता ते कळणार नाही. आणि चीर सोल्डरमध्ये असेल तर थोड्या दिवसांनी तो परत येईल. आधी दोषी निश्चित करावा, मगच त्याच्यावर उपाय करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम मोडला की चौकशीचा धागा हरवतो. रिटर्न जॅकच दोषी निघाला तर अ‍ॅम्प बंद करून प्लग काढावा, इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्टसाठी असलेला क्लीनर पिनवर थोडासा घेऊन पिन जॅकमध्ये दहा-बारा वेळा आतबाहेर करावी, आणि पूर्ण वाळू द्यावं. गंजलेले बोल्ट सोडवायचं तेल इथे चालत नाही, त्याचा चिकट थर धूळ धरून बसतो. पुढे महिन्यातून एकदा नुसती कोरडी पिन घालून काढली तरी पट्टी बरीच स्वच्छ राहते. घाई असेल, कार्यक्रम आजच असेल, तर सेंड-रिटर्नमधली वीतभर केबल तशीच ठेवून निर्धास्त वाजवावं.

पेटी उघडण्याबद्दल मात्र मी कुणालाच धीर देणार नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या आत चारशे ते पाचशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही मोठे कपॅसिटर तो धरून ठेवू शकतात. रेझिस्टरमधून ते रिकामे करणं आणि रिकामे झाले हे मीटरने पडताळणं ज्याला शिकवलेलं नाही, त्याने स्क्रूला हात लावू नये. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक मंडपांमध्ये अजून भेटतात. असा अ‍ॅम्प वाजवणाऱ्याचे ओठ माइकला लागले की जीव जाऊ शकतो.

तेव्हा अ‍ॅम्प दुरुस्तीला न्यायचाच असेल, मग तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो, पुण्यात बुधवार पेठेत असो की गावातल्या एखाद्या हुशार माणसाकडे, सोबत एक कागद द्यावा. ‘मध्येच आवाज जातो’ एवढंच लिहिलेला कागद निरुपयोगी. त्यावर असं असावं: चालू केल्यापासून पंचवीस मिनिटांनी जातो, टक् करून जातो, विरत नाही, जातो तेव्हा सस्स आवाज राहतो आणि मास्टरने कमीजास्त होतो, पायलट दिवा चालूच राहतो, सगळे व्हॉल्व्ह उजळलेले असतात, सेंड-रिटर्नमध्ये केबल घालूनही फरक पडला नाही, सेंडमधून दुसऱ्या अ‍ॅम्पवर नेलं तर तिथेही त्याच वेळी जातो, पेटीच्या डाव्या बाजूला थाप दिली की परत येतो. एवढं वाचल्यावर समोरचा माणूस पॉवर अ‍ॅम्पला हातही लावणार नाही. तो सरळ प्रीअ‍ॅम्पचा बोर्ड काढेल, भिंग घेईल आणि डाव्या बाजूच्या डागांवरून उजेड फिरवायला लागेल.